तक्रार कानावर घालू नका, आवकमध्ये नोंदवा

जानेवारी 2026 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, कॉलेज आणि विद्यापीठांतला भेदभाव रोखण्यासाठी नवे विनियम काढले. विनियम म्हणजे कायद्याच्या आधाराने केलेले, संस्थेवर बंधनकारक असलेले नियम. त्यावरून देशभर वाद झाला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना स्थगिती दिली. तेव्हापासून बऱ्याच विद्यार्थ्यांचा आणि पालकांचा समज झाला आहे की आता कॉलेजात भेदभावाची तक्रार करायला नियमच उरला नाही.

तसं नाही. स्थगिती देताना न्यायालयाने 2012 चे जुने समता विनियम लागू राहतील असं सांगितलं. रॅगिंगचे 2009 चे, लैंगिक छळाचे 2015 चे आणि विद्यार्थी तक्रार निवारणाचे 2023 चे विनियम तर या वादात नव्हतेच. राज्याचा 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, ॲट्रॉसिटीचा 1989 चा कायदा आहे. नियम भरपूर आहेत. अडतं ते दुसरीकडे: तक्रार तोंडी होते, चुकीच्या माणसाकडे जाते आणि तिचा कागद कुठेच नसतो.

विद्यापीठ लांब आहे, मग जायचं कुठे?

विदर्भात अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम, यवतमाळ ही संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची हद्द. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया नागपूर विद्यापीठाकडे, चंद्रपूर आणि गडचिरोली गोंडवाना विद्यापीठाकडे. धारणीच्या किंवा एटापल्लीच्या मुलीला तक्रारीसाठी विद्यापीठ गाठणं म्हणजे एक अख्खा दिवस आणि बसभाडं. पण पहिली तक्रार विद्यापीठात करायचीच नसते. संलग्न कॉलेजातल्या समित्या त्या कॉलेजातच असायला हव्यात. विद्यापीठाचा संबंध येतो तो अपिलाच्या वेळी.

आधी ठरवा, त्रास कशाचा आहे

यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. प्रत्येक प्रकाराची समिती वेगळी आणि मुदतही वेगळी.

लैंगिक स्वरूपाचा त्रास असेल तर तो अंतर्गत तक्रार समितीकडे जातो. नकोसा स्पर्श, शेरे, रात्रीचे मेसेज, ‘प्रॅक्टिकलचे मार्क पाहिजेत ना’ असं सुचवणं हे सगळं यात येतं. समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला प्राध्यापक असावी लागते. निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरच्या सामाजिक संस्थेचा एक सदस्य लागतो आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधीही लागतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा वरिष्ठ पदांवरच्या व्यक्तीला समितीत बसता येत नाही. ही अट मुद्दाम आहे, कारण खेड्यातल्या कॉलेजात विभागप्रमुखाच्या शब्दापुढे बाकीचे बोलत नाहीत.

तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजायचे. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. तक्रार मिळाल्यावर सात दिवसांत तिची प्रत समोरच्याला, त्याचं उत्तर दहा दिवसांत, चौकशी नव्वद दिवसांत आणि अहवालावर संस्थेची कारवाई तीस दिवसांत, असा क्रम आहे.

विनियमात ‘परिसर’ हा शब्द फक्त कंपाउंडच्या आतल्या जागेपुरता नाही. शैक्षणिक सहल, इंटर्नशिप, क्रीडा स्पर्धा, युवा महोत्सव, एखाद्या गावातलं राष्ट्रीय सेवा योजनेचं (रासेयो) निवासी शिबिर, कॉलेजने केलेली गाडी हे सगळं त्यात येतं. शिबिरात झालेल्या प्रकाराला ‘ते कॉलेजच्या बाहेरचं आहे’ म्हणणारे प्राचार्य चुकत असतात. एसटीत किंवा बसस्टँडवर बाहेरच्या पोराने दिलेला त्रास मात्र पोलिसांचा विषय आहे. तिथे कॉलेजने मदत करायची, चौकशी पोलिसांची.

आणि हे फक्त मुलींपुरतं नाही. 2015 चे विनियम मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थीही छळाला बळी पडू शकतात हे मान्य करतात आणि संस्थेने त्यांच्याबाबतीतही कारवाई करावी असं सांगतात.

रॅगिंग म्हणजे फक्त मारहाण नव्हे

2016 च्या दुरुस्तीनंतर रॅगिंगच्या व्याख्येत जात, धर्म, रंग, लिंग, दिसणं, प्रदेश, भाषा, जन्मस्थान, आर्थिक परिस्थिती यांवरून केलेला मानसिक किंवा शारीरिक त्रासही आला. नागपूर-पुण्याच्या होस्टेलात ‘कशाले, कायले’ म्हणून वऱ्हाडी बोलणाऱ्याची रोज टर उडवणं, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या पोराला ‘जंगली’ म्हणणं हे व्याख्येत बसतं. गंमत होती, हा बचाव तिथे चालत नाही.

राज्याच्या 1999 च्या कायद्यानुसार तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थेच्या प्रमुखाने चौकशी करायची आहे. तथ्य दिसलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची आहे. गुन्हा सिद्ध झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, कॉलेजातून काढणं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेशबंदी. याच कायद्यात एक कलम असं आहे की प्रमुखाने चौकशीत किंवा कारवाईत कुचराई केली तर त्यानेच रॅगिंगला मदत केली असं धरलं जातं. प्राचार्यांना लिहिलेल्या अर्जात ही तरतूद एका ओळीत नमूद केली की अर्ज सहसा टेबलावर पडून राहत नाही.

रॅगिंगपुरती यूजीसीची चोवीस तास चालणारी मोफत हेल्पलाइन आहे: 1800-180-5522. तिथे तक्रार नोंदवून क्रमांक मिळतो आणि माहिती संस्थाप्रमुख व वसतिगृह प्रमुखाकडे, गरज पडल्यास जिल्हा प्रशासनाकडे आणि पोलिसांकडे जाते. तो क्रमांक वहीत तारखेसह लिहून ठेवा, फोन बंद पडला तरी तो हाती राहतो.

जातीवरून त्रास असेल तर दोन मार्ग

पहिला कॉलेजातला. 2012 च्या विनियमांनी प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी ठेवायला सांगितलं आहे. भेदभाव म्हणजे काय हे त्यात बारकाईने लिहिलं आहे. वर्गात जात जाहीर करणं, ‘राखीववाला’ म्हणून ओळख पाडणं, कमी गुणांचं कारण जात सांगणं, प्रयोगशाळेत आत घेऊन काम न देता उभं ठेवणं, मेसमध्ये किंवा मैदानावर वेगळं बसवणं, शिष्यवृत्ती किंवा निकाल अडवणं. साठ दिवसांत निर्णय व्हायला हवा.

दुसरा पोलिसांचा, ॲट्रॉसिटी कायद्याचा. इथे तीन गोष्टी नीट समजून घ्या. एक, तक्रारदार अनुसूचित जाती किंवा जमातीचा आणि आरोपी त्याबाहेरचा असावा लागतो. विदर्भात बौद्ध विद्यार्थ्यांना ‘तुम्हाला हा कायदा लागत नाही’ असं कधीकधी सांगितलं जातं. अनुसूचित जातींच्या यादीच्या आदेशातल्या 1990 च्या दुरुस्तीने मूळच्या अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही अनुसूचित जातीत धरलं आहे, जातीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. दोन, जातीवाचक शिवीगाळ किंवा अपमानाच्या कलमात तो प्रकार लोकांच्या नजरेसमोर घडलेला असावा लागतो. प्राचार्यांच्या केबिनमध्ये दार लावून दोघांतच झालेलं बोलणं त्या कलमात बसवणं अवघड जातं. म्हणून तिथे कोण कोण होतं, त्यांची नावं त्याच दिवशी लिहून ठेवा. तीन, एफआयआर ठाण्यात नोंदवला जातो, पण तपास उपअधीक्षक दर्जाचा अधिकारी करतो. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट 2018 च्या दुरुस्तीने काढली आहे. त्यामुळे ‘आधी चौकशी करतो, मग पाहू’ हे उत्तर कायद्यात बसत नाही.

ओबीसी, भटक्या-विमुक्त किंवा अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी ॲट्रॉसिटीचा मार्ग नाही. त्यांनी, तसंच महिला आणि दिव्यांग विद्यार्थ्यांनी, 2023 च्या विनियमातल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे भेदभावाची तक्रार द्यावी. टीसी, गुणपत्रिका अडवणं, माहितीपत्रकात नसलेले पैसे मागणं, शिष्यवृत्ती न देणं हेही तिथेच. ‘महाडीबीटीचे पैसे आले नाहीत, आधी फी भर, मग टीसी’ हा संवाद विदर्भातल्या पालकांना नवा नाही. त्याची लेखी तक्रार करता येते हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. फक्त एक मर्यादा: पेपरचे गुण फेरतपासून द्या, असली मागणी पुढे अपील ऐकणारा विद्यापीठाचा लोकपाल घेत नाही. गुण देताना ठोस गैरप्रकार किंवा भेदभाव झाला असेल तरच.

अर्जात काय लिहायचं

‘सर नेहमी त्रास देतात, कृपया कारवाई करावी.’ असे अर्ज फार येतात आणि त्यांचं काही होत नाही, कारण चौकशी नेहमीची होत नसते, एका घटनेची होते. लिहायचं असं: ‘दि. 14 ऑगस्ट रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अमुक सरांनी मला उद्देशून पुढील शब्द वापरले.’ शब्द जसेच्या तसे, शिवी असेल तर शिवीसह. ‘अर्वाच्य भाषा वापरली’ असं सभ्य करून लिहिलं की नेमका पुरावाच निघून जातो. त्यानंतर तिथे हजर असलेल्यांची नावं, आधीच्या घटना तारीखवार, आणि शेवटी आपली मागणी.

मागणी स्वतंत्र लिहिण्याचं कारण आहे. चौकशी संपेपर्यंतची तात्पुरती सोय मागता येते, पण ती मागावी लागते. लैंगिक छळाच्या प्रकरणात समितीच्या शिफारशीवरून त्या शिक्षकाला तक्रारदाराचं मूल्यमापन करण्यापासून दूर ठेवता येतं, दोघांपैकी एकाची बदली करता येते, तक्रारदाराला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. अंतर्गत गुणांची भीती असेल तर पहिल्याच अर्जात लिहा: ‘माझ्या प्रात्यक्षिकाचं मूल्यमापन दुसऱ्या परीक्षकाकडे द्यावं.’ गुण कापले गेल्यावर लिहिलेल्या वाक्याला तेवढं वजन राहत नाही.

अर्ज मराठीत लिहा. लैंगिक छळाचा अर्ज असेल तर, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याच्या नियमांत समितीकडे अर्जाच्या सहा प्रती द्यायला सांगितलं आहे, तेव्हा तेवढ्या झेरॉक्स काढूनच जा. मेसेजचे स्क्रीनशॉट लावा, त्यात समोरचा नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. मूळ मेसेज फोनमधून पुसू नका आणि तो फोन विकू नका. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण नसलं की तिथेच गाडी अडते.

पोच: सगळ्या मुदती इथून सुरू होतात

जिनिंगवर कापूस उतरवला आणि काटापट्टी घेतली नाही तर नंतर किती क्विंटल होता हे भांडून सांगावं लागतं. अर्जाचंही तेच आहे. वर सांगितलेले सात, साठ, नव्वद दिवस अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून मोजले जातात. ‘सरांच्या कानावर घातलं होतं’ ही कुठलीच तारीख नव्हे.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक कार्यालयात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. नुसती सही पुरत नाही. सही कोणाची होती हे सहा महिन्यांनी कोणी ओळखत नाही, आवक क्रमांक मात्र रजिस्टरमध्ये सापडतो. लैंगिक छळाचा अर्ज बंद पाकिटात द्या, पाकिटावर ‘अध्यक्ष, अंतर्गत तक्रार समिती, गोपनीय’ असं लिहा आणि पोच पाकिटाच्या झेरॉक्सवर घ्या. म्हणजे मजकूर बाबूच्या टेबलावर वाचला जात नाही.

बाबू अर्ज घेतच नसेल तर वाद घालू नका. त्याच दिवशी पोस्टातून स्पीड पोस्ट करा, पावती जपा आणि दोन-तीन दिवसांनी ट्रॅकिंगचा कागद काढून पावतीला टाचा. सोबत कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर अर्जाचा फोटो पाठवा. अर्ज नाकारणाऱ्याचं नाव आणि वेळ त्या ईमेलमध्येच लिहा.

महिन्याभरात काही कळलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. ‘दि. अमुक, आवक क्र. अमुक या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची प्रत’ आणि ‘समितीच्या सदस्यांची यादी व नियुक्ती आदेश’ एवढंच मागा. उत्तराची मुदत तीस दिवस. अनुदानित कॉलेजला हा कायदा लागू होतो. लैंगिक छळाच्या चौकशीतला मजकूर मात्र यात मिळत नाही, कायद्यानेच तो गोपनीय आहे. पण यादी मागितली की अनेकदा समितीच कागदावर नव्हती हे उघड होतं, आणि तीच गोष्ट अपिलात कामाला येते.

‘संस्था त्यांची, समितीही त्यांचीच’

हा आक्षेप खरा आहे. गावातल्या संस्थेचा अध्यक्ष, प्राचार्य आणि कधी पोलीस पाटीलसुद्धा एकाच नात्यातले असू शकतात. म्हणूनच बाहेरच्या सदस्याची अट आहे. चौकशीच्या बैठकीला अध्यक्षासह किमान तीन सदस्य हजर असावे लागतात. समितीतल्या कोणाचं आरोपीशी नातं असेल तर पहिल्या बैठकीआधी तसं लेखी कळवा आणि त्याचीही पोच घ्या.

कॉलेजच्या तक्रार निवारण समितीने शक्यतो पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून पंधरा दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील होतं. लोकपालाने तीस दिवसांत निकाली काढावं अशी अपेक्षा आहे. लोकपाल निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असतो, कॉलेजचा माणूस नसतो.

‘दोघांना समोरासमोर बसवून मिटवू’ असा प्रस्ताव आला तर एवढं लक्षात ठेवा: लैंगिक छळाच्या प्रकरणात तडजोड फक्त तक्रारदाराच्या मागणीवरून होऊ शकते आणि पैसे देऊन केलेली तडजोड कायद्याला मान्य नाही.

लैंगिक छळाच्या चौकशीत सुनावणीला वकील नेता येत नाही. सलग तीन तारखांना सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलात तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन समिती चौकशी बंद करू शकते. पावसाळ्यात नाल्याला पूर येऊन बस बंद होते, धानाच्या रोवणीत घरचे सोडत नाहीत, आणि मुलगी नुसतीच गैरहजर लागते. अशा वेळी त्याच दिवशी मेसेज किंवा ईमेलने कारण कळवलं तर ती तारीख ‘विनाकारण’ ठरत नाही.

‘पुरावा नाही, उलटून आपल्यावरच येईल’

लैंगिक छळ एकांतातच होतो, हे समित्यांनाही ठाऊक असतं. त्या वेळी मैत्रिणीला केलेला फोन, त्याच दिवशीचा मेसेज, वर्ग टाळायला लागल्यावर घसरलेली हजेरी, हे सगळं पाहिलं जातं. कायद्यात खोट्या तक्रारीवर कारवाईची तरतूद आहे, पण त्याच कलमात लिहिलं आहे की तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून कारवाई होत नाही. जाणूनबुजून खोटं बोलल्याचं वेगळ्या चौकशीत ठरावं लागतं.

घरच्यांची भीती याहून मोठी असते. ‘कशाले पडतं त्या लफड्यात, शिक्षणच बंद करू’ हे वाक्य अनेक मुली ऐकतात. तक्रारदाराचं नाव, पत्ता आणि चौकशीचा तपशील जाहीर करायला कायद्याने बंदी आहे, आणि तो फोडणाऱ्या समिती सदस्याला दंड होतो. अर्जावर ‘पत्रव्यवहार घरच्या पत्त्यावर करू नये, या ईमेलवर करावा’ असं लिहिलं तर गावात पोस्टमनच्या हातून बातमी फुटत नाही.

अकरावी-बारावी आणि सरकारी वसतिगृह

ग्रामीण भागात ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज एकाच इमारतीत असतं. पण अकरावी-बारावीला यूजीसीचे नियम लागत नाहीत. विद्यार्थी अठरा वर्षांखालचा असेल आणि त्रास लैंगिक असेल तर पॉक्सो कायदा लागतो. त्यात कॉलेजने अंतर्गत चौकशी करत बसायचं नसतं, पोलिसांना लगेच कळवायचं असतं. न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक इथे चालतो.

समाजकल्याणच्या वसतिगृहात गृहपालाकडून त्रास असेल तर कॉलेजची समिती त्याच्यावर कारवाई करू शकत नाही. तो अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे द्या. आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह असेल तर प्रकल्प अधिकाऱ्याकडे, म्हणजे धारणी, पांढरकवडा, पुसद, देवरी, अहेरी, भामरागड असं जिथलं प्रकल्प कार्यालय लागू असेल तिथे. त्याच वसतिगृहात सीनिअर विद्यार्थ्यांनी रॅगिंग केलं तर मात्र त्यांच्या कॉलेजकडेही तक्रार होते, कारण रॅगिंगचे नियम कॉलेजबाहेरच्या जागेलाही लागतात.

पोलीस एफआयआर घेत नसतील तर

समितीकडे तक्रार केली म्हणून पोलिसांचा मार्ग बंद होत नाही, दोन्ही एकाच वेळी चालू शकतात. गुन्हा कुठल्याही ठाण्यात सांगता येतो, हद्दीचं कारण देऊन परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यात नकार मिळाला तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.

त्यासाठी वकील लागेल. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे आणि दिव्यांग व्यक्तींना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुक्याच्या न्यायालयातच तालुका विधी सेवा समिती असते. जाताना अर्जाची पोच, स्पीड पोस्टची पावती, जातीचं प्रमाणपत्र आणि आधारची झेरॉक्स घेऊन जा. आधी फोनवर विचारायचं असेल तर 15100.